चौथ्या फेरीची फाइल

राहत नदाफचं पीएच.डी.चं काम कुठवर आलंय, हा प्रश्न तिला ओळखणाऱ्या प्रत्येकाला पडलेला असे आणि प्रत्येक जण तो थेट तिलाच विचारत असे. दुधनीहून अब्बा फोनवर विचारायचे, कॉलेजच्या ऑफिसातले क्लार्क चहा पिता पिता विचारायचे, सोलापुरात नई जिंदगी भागातल्या तिच्या गल्लीत भाजी घेताना शेजारीण विचारायची, आणि ही नेमकं काय शिकतेय हे अजून न उमगलेली नणंद दर ईदला न चुकता विचारायची. राहतचं उत्तर ठरलेलं होतं, "होत आलंय." मागच्या उन्हाळ्यापर्यंत ते खरंही होतं.

इसूफ नदाफांची ही थोरली मुलगी. दुधनीच्या बाजारात तुरीची पोती वाहणारा टेम्पो इसूफ चालवतात. घरात उर्दू, गल्लीत कन्नड आणि शाळेत मराठी अशी राहत वाढली, आणि हट्टीपणाबद्दल तिन्ही भाषांत बोलणी खात आली. बारावीनंतर सोलापूरला शिकायला आली, फिजिक्स घेऊन एम.एस्सी. झाली आणि एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवू लागली. लग्न ठरताना तिनं एकच अट घातली होती की शिक्षण थांबणार नाही. होणारा नवरा मुबीन चिंचोळीच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मेन्टेनन्सला होता. त्यानं अट मान्य केली आणि पाळलीही. हे शिक्षण इतकं लांबेल याची कल्पना त्याला कुणी दिली नव्हती, आणि ती राहतलाही नव्हती.

ताऱ्यांचा विषय तिनं घेतला तो लहानपणी गच्चीवर पडून आभाळ पाहिलं होतं म्हणून नव्हे. पदार्थविज्ञानातल्या बाकीच्या विषयांना यंत्रं लागतात, आणि त्या यंत्रांसाठी दुसऱ्यांच्या प्रयोगशाळेत महिनोन्‌महिने नंबर लावून बसावं लागतं. ताऱ्यांना कॉम्प्युटर आणि इंटरनेट एवढंच पुरतं, असं तिचे गाईड डॉ. सोमशेखर हिरेमठ म्हणाले होते. सोलापुरातलं इंटरनेट कशाला पुरतं, याची चौकशी दोघांनीही केली नव्हती.

तिचा तारा म्हणजे खरं तर दोन तारे, एकमेकांभोवती फिरणारे. एक दुसऱ्याच्या आड आला की दोघांचा मिळून दिसणारा उजेड कमी होतो. याला ग्रहणच म्हणतात. अवकाशात फिरणारी एक दुर्बीण आभाळाचा एकेक पट्टा महिनाभर टक लावून बघते, मग पुढच्या पट्ट्याकडे वळते, आणि पहिल्या पट्ट्याकडे परत यायला तिला बराच काळ लागतो. तिनं काढलेली चित्रं पृथ्वीवर येतात. दुर्बीण चालवणाऱ्या लोकांचं सॉफ्टवेअर त्या चित्रांतून एकेक तारा वेगळा काढतं, कोणत्या वेळी त्याचा उजेड किती होता याची फाइल बनवतं, आणि ती फाइल इंटरनेटवरच्या संग्रहात ठेवली जाते. तिथून ती जगात कुणालाही उतरवून घेता येते. राहतच्या ताऱ्याचा पट्टा दुर्बिणीनं पाच फेऱ्यांत बघितला होता. ग्रहणांच्या वेळा मांडल्यावर तिला दिसलं की ती कधी थोडी लवकर येतात, कधी थोडी उशिरा. त्यावरून तिनं निष्कर्ष काढला की या जोडीला जवळपासचा एखादा तिसरा, न दिसणारा तारा ओढत असावा. तो निष्कर्ष हाच तिच्या प्रबंधाचा कणा होता.

अडचण एवढीच होती की पाचांपैकी चौथ्या फेरीची फाइल संग्रहात नव्हती.

बाकी चार होत्या म्हणून राहतनं त्याचा फार विचार केला नव्हता. चार फेऱ्यांच्या ठिपक्यांतून कॉम्प्युटरनं एक वळणदार रेघ काढून दिली होती आणि ती रेघ सुरेख दिसत होती. प्रबंध जमा करण्याआधी समितीपुढं तो मांडावा लागतो. त्या दिवशी पुण्याहून डॉ. महेश्वर देगावकर तज्ज्ञ म्हणून आले होते. एप्रिलचा महिना होता. सभागृहातला एसी आवाज पुष्कळ करत होता, गार मात्र काही करत नव्हता. रेघेची स्लाइड आली तसे देगावकर उठून पडद्याजवळ गेले आणि रेघेच्या सगळ्यात उंच भागावर त्यांनी बोट ठेवलं.

"मॅडम, इथं ठिपकेच नाहीत."

"त्या फेरीची फाइल उपलब्ध नाही, सर."

"का नाही?"

"संग्रहात नाही, सर."

"ते कळलं. का नाही, ते विचारतोय. तुमच्या सिद्धांताप्रमाणं ग्रहण सगळ्यात उशिरा यायला हवं ते याच फेरीत, आणि नेमका तिथलाच डेटा नाही. दुर्बिणीच्या निरीक्षणांची यादी मी बघून आलोय. तिच्यात या फेरीपुढं तुमचा तारा बघितला असं लिहिलंय. उद्या कुणी म्हणालं की बाईंनी न पटणारा डेटा बाजूला ठेवला, तर तुम्ही काय उत्तर देणार?"

राहतनं हिरेमठ सरांकडं पाहिलं. सर मोबाइलमध्ये काहीतरी फार महत्त्वाचं वाचत होते. शेवटी समितीनं ठरवलं की फाइल का नाही याचं समाधानकारक कारण मिळाल्याशिवाय प्रबंध पुढं जाणार नाही.

स्कूटीवरून घरी येताना सिग्नलला थांबलेली राहत स्वतःशीच मोठ्यानं भांडत होती. शेजारचा रिक्षावाला तिच्याकडं वळून वळून बघत होता. जी फाइल तिनं कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती, ती लपवल्याचा संशय तिच्यावर आला होता. आणि लपवली नाही हे सिद्ध करायचं कसं, तर साता समुद्रांपलीकडच्या लोकांनी ती का बनवली नाही हे सोलापुरात बसून शोधून काढायचं.

दुसऱ्या दिवशी हिरेमठ सरांनी तिला सोपा उपाय सांगितला. "एवढं काय घेऊन बसलात ओ? तांत्रिक कारणामुळं उपलब्ध नाही, असं लिहून टाका की."

"कुठलं तांत्रिक कारण, सर?"

"तांत्रिक म्हणजे तांत्रिक की ओ. त्यात काय असतंय?"

राहतनं संग्रहाच्या मदतकक्षाला ईमेल पाठवली. लगेच उत्तर आलं, पण ते मशीनचं होतं. तुमची शंका आमच्यासाठी महत्त्वाची आहे, असं त्यात म्हटलं होतं. काही दिवसांनी दुसरं उत्तर आलं, त्यात नेहमीच्या प्रश्नोत्तरांच्या पानाचा पत्ता होता. त्या पानावर तिचा प्रश्न जसाच्या तसा होता, आणि त्याखाली उत्तर होतं की काही ताऱ्यांच्या बाबतीत, काही फेऱ्यांतल्या फाइली काही कारणांमुळे उपलब्ध नसू शकतात. ते वाक्य राहतनं मुबीनला वाचून दाखवलं. मुबीन म्हणाला की त्यांच्या कारखान्यात मशीनचे पार्ट पुरवणारी कंपनीही असंच लिहिते, मशीन मात्र बंद ती बंदच राहते.

तिनं पुन्हा लिहिलं. या वेळी सांगण्यात आलं की ब्राउझर बदलून बघा. तिनं ब्राउझर बदलला. मग सांगितलं, ब्राउझरमध्ये जुनं साठलेलं काढून टाका. तेही तिनं काढून टाकलं, आणि त्याबरोबर कॉलेजच्या हजेरीचा पासवर्डही गेला, तो परत मिळवायला तिला ऑफिसात चार खेटे घालावे लागले. त्यानंतर आठवडाभर शांतता. मग कळवण्यात आलं की आपली शंका सोडवण्यात आली आहे, तरी आमच्या सेवेला पाचपैकी किती तारे द्याल? राहतनं एकही दिला नाही.

आता ती इरेला पेटली. कुणी सांगत नसेल तर आपणच शोधायचं, असं तिनं ठरवलं. दुर्बिणीच्या कामकाजाचे जाडजूड अहवाल असतात. आजवर ते उघडायची गरज पडली नव्हती, कारण तयार फाइली मिळत होत्या. मे महिन्याच्या सुटीत, खिडकीला ओला पडदा लावून, ती ते वाचत बसली. फाइल नसण्याची कारणं तिला हळूहळू कळू लागली. साठलेली चित्रं पृथ्वीकडं पाठवायला दुर्बीण तोंड फिरवते तेवढा वेळ तिचं बघणं बंद असतं. कधी तिच्यात बिघाड होतो आणि ती सगळं काम थांबवून नुसती पडून राहते. कधी पृथ्वीचा किंवा चंद्राचा उजेड कॅमेऱ्यात घुसतो आणि चित्रं पांढरी पडतात. राहतला प्रत्येक वेळी वाटायचं की सापडलं, आणि प्रत्येक वेळी तिच्याच लक्षात यायचं की तसं असतं तर त्या फेरीतल्या सगळ्याच ताऱ्यांच्या फाइली बिघडल्या असत्या. पण तिच्या ताऱ्याच्या डाव्या अंगाच्या ताऱ्यांच्या फाइली व्यवस्थित होत्या.

मग तिला सुचलं की उजव्या अंगालाही बघावं. उजवीकडच्या एकाही ताऱ्याची फाइल नव्हती. तिनं वर बघितलं, खाली बघितलं. आभाळाच्या त्या तुकड्यात जणू कुणी सरळ रेघ मारली होती. अलीकडं सगळ्यांच्या फाइली, पलीकडं कुणाचीच नाही, आणि तिचा तारा त्या रेघेवरच.

हे सगळं तिनं नकाशा काढून नव्या ईमेलमध्ये लिहिलं. ईमेल बरीच तिखट झाली होती. मुबीननं वाचली आणि त्यातलं एक वाक्य काढायला लावलं. ते राहिलं असतं तर कुणी उत्तर दिलं नसतं, असं तो अजूनही म्हणतो.

या वेळी उत्तर एका जिवंत माणसाचं आलं. फाइली बनवणारं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या गटातल्या एका बाईंनी ते लिहिलं होतं. आधीच्या उत्तरांबद्दल त्यांनी माफी मागितली होती, आणि राहतचा नकाशा बरोबर असल्याचं सांगितलं होतं. झालं होतं ते असं. त्या फेरीत पृथ्वीचा उजेड कॅमेऱ्यात शिरू नये म्हणून दुर्बीण ठरल्यापेक्षा जराशी कलती धरावी लागली. त्यामुळं आभाळाचा पट्टा सरकला आणि त्याच्या एका कडेचे तारे कॅमेऱ्याच्या चिपबाहेर गेले. राहतचा तारा चिपच्या अगदी काठावर, शेवटच्या ओळींत येऊन पडला. त्याचा उजेड मोजायला सॉफ्टवेअर ताऱ्याभोवती एक छोटी चौकट आखतं. त्या चौकटीचा थोडासा भाग जरी चिपबाहेर पडला तरी फाइल बनवायची नाही, असा नियम होता. कोणता तारा बघितला याची यादी मात्र फेरीच्या आधी, जुन्या ठरलेल्या दिशेप्रमाणं केलेली होती. म्हणून यादीत तारा होता आणि संग्रहात त्याची फाइल नव्हती. यादी दुरुस्त करायची राहून गेली होती.

एवढंच. राहत खुर्चीत मागं टेकून बसली. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण तिला रागच जास्त आला. एवढं सांगायला सगळा उन्हाळा लावला या लोकांनी.

सासूबाई अकबरी पलंगावर लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी विचारलं की क्या बोल्ये वो लोगां. राहतनं त्यांना समजेल असं सांगितलं. अकबरींनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मतलब शादीके फोटूमें तेरा तारा कोनेकू खडा रहा, और कट गया."

"कटला नाही, अम्मी. बराचसा दिसतोय. पण थोडं जरी कटलं तरी त्यांचा फोटोग्राफर फोटोच देत नाही."

"नै देता तो तू ले ले," असं म्हणून अकबरींनी लसणाची वाटी उचलली आणि त्या आत गेल्या.

ईमेलच्या शेवटी बाईंनी तेच लिहिलं होतं. मूळ चित्रं संग्रहात आहेत, ताऱ्याचा बराच भाग त्यांत आहे, हवं तर तुम्ही स्वतः उजेड मोजू शकता. हिरेमठ सरांना राहतनं हे दाखवलं तेव्हा सर खूश झाले. कारण मिळालं, आता प्रबंधाला जोडा आणि मोकळ्या व्हा, असं ते म्हणाले. राहत म्हणाली की मग ती चित्रं मोजायला हवीत. सरांचा चेहरा उतरला. समितीनं कारण मागितलं होतं, डेटा नव्हता मागितला, हे त्यांनी तिला दोनदा सांगितलं. ते खरंच होतं. पण चित्रं आहेत हे आता राहतला माहीत झालं होतं, आणि माहीत असून बघायचं नाही म्हणजे देगावकरांनी जो आरोप केला तो आता खरा करायचा, असं तिला वाटत होतं.

चित्रं मिळवणं हेही एक प्रकरणच झालं. मोठ्या चित्रांतून हवा तेवढा तुकडा कापून देणारी सोय संग्रहात होती, पण ती सोयसुद्धा काठावर आली की चूक दाखवून थांबायची. म्हणजे अख्खी चित्रं उतरवायची, आणि ती अवाढव्य होती. घरच्या इंटरनेटवर ते होण्यासारखं नव्हतं. कॉलेजच्या संगणक विभागात पायल मॅडम नवीन लागल्या होत्या. त्यांनी लॅबमधला एक कोपऱ्यातला कॉम्प्युटर राहतला दिला. पण ते प्रवेशाचे दिवस होते. फॉर्म भरायला मुलांची झुंबड उडाली की ऑफिसचा माणूस येऊन आधी राहतचं डाउनलोड बंद करायचा, कारण त्यानं सगळ्यांचं इंटरनेट मंद होतं. एकदा सगळं सुरळीत लागलं होतं तर लॅबचे शिपाई शिवयोगी कॉलेज सुटल्यावर मेन स्विच पाडून गेले. राहतनं कॉम्प्युटरवर 'बंद करू नये' असा कागद चिकटवला. शिवयोगींनी तो वाचला, कॉम्प्युटरला हात लावला नाही, आणि जाताना मेन स्विच पाडला. प्राचार्यांचा वीज वाचवायचा हुकूम होता. राहत भांडायला गेली तर शिवयोगी शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुमचा कॉम्प्युटर मी कुटं बंद केलाय? मी तर मेन बंद केलाय की."

शेवटी पायल मॅडमनी प्राचार्यांची परवानगी काढली आणि पावसाळा अर्धा सरताना चित्रं एकदाची उतरली.

काठावरच्या ताऱ्याचा उजेड मोजायचा तर पंचाईत अशी असते की त्याचा थोडा उजेड चिपबाहेर सांडलेला असतो, आणि दुर्बीण किंचित हलली की सांडणारा भाग कमीजास्त होतो. ग्रहण खरं कुठलं आणि हे हलणं कुठलं, हे वेगळं करावं लागतं. राहतनं शेजारच्या, उजेड न बदलणाऱ्या ताऱ्यांवरून दुर्बिणीचं हलणं मोजलं आणि ते वजा केलं. तेवढ्यानं तिचं समाधान झालं नाही. बाकीच्या चार फेऱ्यांत तारा पूर्ण दिसत होता. तिथं तिनं मुद्दाम त्याचा तेवढाच भाग झाकला आणि आपल्या पद्धतीनं पुन्हा मोजलं. ग्रहणाच्या वेळा तयार फाइलींशी जुळल्या. म्हणजे पद्धत बरोबर होती.

मग तिनं चौथी फेरी मोजली.

दुपार होती, लॅबमध्ये कुणी नव्हतं, डोक्यावर पंखा कुरकुरत होता. पडद्यावर ग्रहणं एकामागून एक स्वच्छ उमटली. ती उशिरा आली होती, पण रेघेनं सांगितलं होतं तितकी अजिबात नाही. रेघेच्या उंचवट्याच्या कितीतरी खाली ठिपके पडले होते. राहतला वाटलं आपलं काहीतरी चुकलं. तिनं पहिल्यापासून केलं, ठिपके तिथंच आले. दुर्बीण पृथ्वीबरोबर फिरते म्हणून वेळांत करावी लागणारी दुरुस्ती तिनं पुन्हा तपासली, तीही बरोबर होती. ती सुरेख रेघच चुकीची होती. तिच्या तिसऱ्या ताऱ्याची जी कक्षा तिनं मोठ्या अभिमानानं मांडली होती, ती खोटी ठरली होती, आणि ती खोटी ठरवणारी फाइल तिनं स्वतः, अख्खा उन्हाळा आणि अर्धा पावसाळा खर्चून, बनवली होती.

तिला रडू आलं नाही, हसू आलं. मग ती गेटबाहेर आली आणि तिनं अब्बांना फोन लावला. इसूफ कुठंतरी टेम्पोत माल भरून घेत होते, मागं हमालांचा गलका चालला होता, आणि अशा गडबडीत ते मराठीवरच येत. राहतनं सगळं सांगितलं. त्यातलं त्यांना किती कळलं कोण जाणे, पण तिचा आवाज मात्र कळला असावा.

"मंजी जे लिवलंय ते चूक हाय म्हन?"

"हो, अब्बा."

"हे आनि कुनाला ठाव हाय?"

"अजून कुणालाच नाही."

"मग तुझं तूच ठरिव बेटा. पन लिवायचं आसंल तर परत लिव की. तुला कोन आडवतंय? लई उशीर झालाच हाय, आजून थोडा होईल."

हिरेमठ सरांनी मात्र अडवलं. त्यांनी आलेख बघितला, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि इतकी वर्षं कधी चढवला नव्हता असा आवाज चढवला. पूर्ण झालेलं काम तुम्ही स्वतःच्या हातानं उसवलंत, असं ते म्हणाले. निष्कर्ष बदलला म्हणजे शेवटची दोन प्रकरणं बदलणार, प्रकरणं बदलली म्हणजे शीर्षक बदलणार, आणि शीर्षक बदलायचं म्हणजे विद्यापीठाची मंजुरी, नवी तारीख, पुन्हा समिती. त्यांच्या निवृत्तीला फार दिवस उरले नव्हते आणि त्याआधी राहतचं काम हातावेगळं व्हावं ही त्यांची इच्छा होती. ती काही वाईट इच्छा नव्हती. राहत ऐकत राहिली आणि त्यांचं संपल्यावर म्हणाली, "सर, हा आलेख मी बघितलाय. आता मला जुनी रेघ दाखवून पुढं उभं राहता येणार नाही."

दोन आठवडे सरांनी तिचा फोन घेतला नाही. मग एके दिवशी त्यांनी नवी प्रकरणं मागवून घेतली आणि लाल पेनानं भरून परत दिली. प्रत्येक पानावर खोट काढली होती, 'व्याकरण!' असं तर जागोजागी लिहिलं होतं. चार फेऱ्यांत तारा झाकून पद्धत तपासली होती, फक्त त्या भागाशेजारी 'हे चांगलं' असे दोन शब्द होते. शीर्षक बदलण्याच्या अर्जावर सही करून तो आत घातलेला होता.

मंजुरी मिळायला लागायचा तो वेळ लागलाच. थंडी सुरू होताना राहत पुन्हा त्याच समितीपुढं उभी राहिली. तिनं आधी फाइल का नव्हती ते सांगितलं. दुर्बिणीचं कलणं, काठावरचा तारा, चौकटीचा नियम, दुरुस्त न झालेली यादी, सगळं सांगितलं. मग स्वतः मोजलेले ठिपके दाखवले. देगावकर पुन्हा उठून पडद्याजवळ गेले.

"म्हणजे तुमचा तिसरा तारा गेला."

"गेला असं म्हणता येणार नाही, सर. मी सांगितलं होतं तिथं तो नाही. असलाच तर त्याची वाट वेगळी आहे, लांबट आहे. आणि कदाचित नसेलही, या दोन ताऱ्यांच्या आतल्याच उलथापालथीमुळं वेळा बदलत असतील. आहे एवढ्या डेटावरून मला याहून जास्त सांगता येत नाही."

समितीतल्या कुणीतरी संदर्भसूचीतल्या स्वल्पविरामांबद्दल विचारलं, ते राहतनं लिहून घेतलं. समितीनं प्रबंध मान्य केला. चहाच्या वेळी देगावकर कप घेऊन तिच्याजवळ आले. त्या दिवशी आपण जरा जास्तच बोललो, असं काहीतरी पुटपुटले आणि मग म्हणाले, "तुमची ती काठावरच्या ताऱ्यांची पद्धत माझ्या विद्यार्थ्याला पाठवाल का? त्याच्याही एका ताऱ्याची फाइल त्याच फेरीत नाहीये. वर्षभर अडकलाय तो."

म्हणजे कुणी न लपवताही फाइली अशा गायब असू शकतात, हे या माणसाला एप्रिलमध्येही ठाऊक होतं. तिनं कप खाली ठेवला, त्यांचा ईमेल पत्ता घेतला, आणि घरी गेल्यावर पद्धत पाठवून दिली. घरात मात्र दोन दिवस मुबीनला देगावकरांबद्दल बरंच ऐकून घ्यावं लागलं.

तोंडी परीक्षा झाली, पदवी मिळाली. दुधनीत इसूफनी बाजारातल्या ओळखीच्या सगळ्यांना पेढे वाटले आणि मुलगी डॉक्टर झाली असं सांगितलं. त्यामुळं हल्ली गावी गेलं की कुणी ना कुणी राहतला गुडघेदुखीवर औषध विचारतं. कॉलेजात ती अजून तासिका तत्त्वावरच आहे. सॉफ्टवेअरवाल्या बाईंनी तिच्याकडून चौथ्या फेरीची मोजमापं मागून घेतली, आणि चुकलेली यादी दुरुस्त केल्याचं तिला कळवलं.

दुर्बीण आता येत्या हिवाळ्यात पुन्हा त्या पट्ट्याकडं वळणार आहे. तिच्या दिशेचं वेळापत्रक जाहीर झालं तेव्हा राहतनं स्टाफरूममध्ये बसल्या बसल्या आपला तारा चिपवर कुठं पडतो ते काढून पाहिलं. तो पुन्हा काठावर होता, या वेळी दुसऱ्या बाजूच्या. तिनं टेबलावर हात आपटला, शेजारी पेपर तपासत बसलेल्या पायल मॅडम दचकल्या. तासाची घंटा व्हायला थोडा वेळ होता. तेवढ्यात राहतनं त्या बाईंना ईमेल लिहिली की तुमचं सॉफ्टवेअर या वेळीही माझ्या ताऱ्याची फाइल बनवणार नाही असं दिसतंय, ती मी बनवीन, पण यादी तेवढी आधीच नीट करून ठेवा. या वेळी तिनं ती मुबीनला न दाखवताच पाठवली, आणि खडू घेऊन ती एफ.वाय.च्या वर्गावर गेली.